मधला मराठी चार

अप्पा,

तुम्ही जाऊन वीस वर्षं होत आली, पण मला धाकटीचा हेवा वाटायचा काही थांबला नाही. मी पासष्टचा, ती साठीच्या पुढची. दोघांचेही गुडघे दुखतात, दोघांनाही नातवंडं आहेत. तरी परवा निलंग्याहून आलेलं एक गिऱ्हाईक दुकानात बसल्या बसल्या म्हणालं, "तुमच्या बहीणबाईंनी आम्हाला गणित शिकवलं, काय डोकं होतं बाईंचं," आणि माझ्या पोटात दुखलं. त्याला चहा सांगणार होतो, तो सांगितला नाही. काम उरकून दिलं आणि वाटेला लावलं. त्यात त्या बिचाऱ्याचा काय दोष! दोष काढायचाच तर तुमचा काढायला हवा, म्हणून तुम्हाला लिहितो आहे. तुम्ही तिला विचारायचात आणि मला सांगायचात. माझं सगळं दुखणं एवढंच आहे. "जॅक लाव, ट्यूब काढ, हवा बघ" हे माझ्यासाठी. आणि तिच्यासाठी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवायची, मान जराशी वाकडी करायची आणि म्हणायचं, "तुला काय वाटतं गं माय?" तिच्या लग्नापर्यंत नऊ वर्षं मी तुमच्या हाताखाली होतो. एकदाही टोपी काढली नाहीत.

लातूर जिल्हा झाला आणि तुम्ही नांदेडच्या स्टेशनासमोरचं चालतं दुकान उचलून औसा रोडवर आणलंत. "जिल्हा झाला म्हंजी सायब येणार, सायब आले की जीपा येणार, जीपा आल्या की टायर झिजणार," हा तुमचा हिशोब. जीपा आल्याही, पण त्यांच्या मागोमाग दुष्काळ आला. लागोपाठ दुसरं वर्ष पाऊस नाही, आणि दुकानापुढे जीपांपेक्षा पाण्याचे टँकरच जास्त उभे. माळावरच्या दगडी वाटांनी त्यांचे टायर असे चिरत की आपल्याला जेवायला फुरसत मिळेना. लोकांच्या घागरी कोरड्या आणि आपलं दुकान भरलेलं, याची तुम्हाला मनातून लाज वाटायची. टँकर आला की तुम्ही ताटावरून उठायचात, कपाळावरची विभूती घामाने ओघळलेली, आणि मला हाक मारायचात. मीही उठायचो. उठायचं की नाही, हे मला कोणी विचारत नव्हतं.

त्या वर्षी पंक्चर काढायला पाणी नव्हतं. ट्यूबमधून हवा कुठून निसटते हे बघायला ती पाण्यात बुडवावी लागते, आणि आपल्या टबात आठ-आठ दिवस तेच पाणी. काळं झालेलं, वास मारणारं. आई रोज भांडायची, की तेवढ्या पाण्यात चार माणसांची अंघोळ होते आणि तुम्ही त्यात रबर धुता. धाकटी तेव्हा नांदेडच्या कॉलेजातून बी.एस्सी. होऊन घरी आलेली, निलंग्याचं स्थळ ठरलेलं. एका दुपारी ती स्वयंपाकघरातून वाटीभर पाणी, साबणाचा तुकडा आणि तुमचा दाढीचा ब्रश घेऊन आली. फेस केला, फुगवलेल्या ट्यूबवर ब्रश फिरवला, आणि जिथून हवा जात होती तिथे बुडबुडा धरला. वाटीभर पाण्यात काम. तुम्ही आधी ब्रशसाठी ओरडलात आणि मग इतके हसलात की रस्त्यापलीकडचा पानवाला बघायला आला. संध्याकाळी तुम्ही तिला हवा मोजायचं तुमचं पितळी गेज देऊन टाकलंत. तेच गेज, ज्याला मी हात लावला तर "ठेव ते जाग्यावर" म्हणायचात. ती मला म्हणाली, "अण्णा, तूच वापर की, मी काय करू?" मी म्हणालो, नको, तुझंच आहे. असं म्हणताना माझा चेहरा कसा झाला असेल ते तिने पाहिलं. तुम्ही पाहिलं नाही.

मग ती गाडी आली. उदगीरच्या डाळमिलच्या मालकांनी हैदराबादच्या कुठल्याशा जुन्या जहागीरदार घराण्याकडून घेतलेली, विलायती, दोन माणसांची, उघडी, आणि इतकी बुटकी की टँकरशेजारी उभी केली तर टँकरच्या चाकाएवढी. बॉनेटवर दोन दिवे डोळे वटारल्यासारखे वर आलेले. बघ्यांनी तिला लगेच बेडकी नाव ठेवलं. मद्रासजवळ एका जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर शर्यती होतात, तिथे मालकांना ती पळवायची होती. चाळिशीचा माणूस, मिल सांभाळून कंटाळलेला, म्हणाला, "एकदाच जाऊन येतो, मग आयुष्यभर डाळच हाय." टायर जुने, वाळून तडकलेले, कडेचे आकडेही पुसलेले. नवे घ्यायचे, पण शर्यतीचे घ्यायचे. कोणत्या मापाचे, एवढं तुम्ही सांगा, म्हणाले. तुम्ही इतके खूश झालात की मला आश्चर्य वाटलं. दोन वर्षं टँकर आणि जीप यांच्याशिवाय तुमच्या हाताला दुसरं चाक लागलं नव्हतं.

आपल्याकडे तोवर टायरला माप विचारायची पद्धत नव्हती. जीपचा द्या, ट्रकचा द्या, अँबेसिडरचा द्या, असंच लोक मागायचे. पण या गाडीचा म्हणून टायर कुणाकडे नव्हता, त्यामुळे खरोखर मोजायची वेळ आली. तुम्ही चाक उतरवलंत, टायर काढलात, आणि रिमच्या खाचेत बोटं आडवी ठेवून म्हणालात, "पाच बोटं. अरुंद हाय." मग जुना टायर परत चढवून त्यावर खडूची खूण केलीत, फरशीवर चाक एक पूर्ण फेरा फिरवलंत आणि मला टेप धरायला लावलीत. पावणेसहा फुटांहून जरा जास्त. मी टेप धरून बसलेलो असतानाच बोललो. त्या बोलण्याची तयारी मी आदल्या दिवसापासून केली होती. मालकांनी एक परदेशी मासिक आणलं होतं, त्यात शर्यतीच्या गाड्यांचे टायर पिंपासारखे रुंद. मी म्हणालो, "अप्पा, रुंद टायर घालू. जितका रुंद तेवढी पकड. १८५ मिलिमीटरचा घालू, दिसायलाही भारी."

तुम्ही मालकांच्या समोर म्हणालात, "चित्रं बघून टायर निवडायलास व्हय रे?" आणि मालक हसले. मग तुम्ही टोपी काढलीत.

ती दारात उभी होती, हाताला पीठ. तिने आधी चाकाकडे पाहिलं, मग ते उचलून रिम निरखली, मोजलेला घेर विचारला, आणि सांगायला लागली. पाच बोटांच्या रिमवर रुंद टायर चढवला तर त्याच्या दोन्ही भिंती आत ओढल्या जातील आणि मधला भाग फुगून वर येईल. मग एवढा रुंद टायर घेऊन उपयोग काय, रस्त्याला टेकणार त्याचा मधला पट्टाच. शिवाय गाडी हलकी, इंजिन लहान. जड रबर फिरवण्यातच तिची ताकद जाणार. आणि पुढची चाकं पूर्ण वळवली की टायर आतून मडगार्डला घासणार. "हिला मूळचं हाय तेच माप बरं. १४५, तेरा इंची. फक्त रबर मऊ घ्या, शर्यतीचं. आणि तापल्यावर हवा वाढती, म्हणून निघताना दोन पौंड कमीच भरा." मालक तिच्याकडे बघत राहिले. तुम्ही मालकांकडे बघत होतात, की यांनी ऐकलं ना नीट. मी अजून टेप धरून बसलो होतो. कुणी सोड म्हणालं नव्हतं.

अप्पा, तिचं सगळं बरोबर होतं. हे मला आज कळतं असं नाही, तेव्हाही अर्धंअधिक कळलं होतं. पण बरोबर असणाऱ्या माणसाचाच तर हेवा वाटतो.

तुम्ही तिलाच चिठ्ठी लिहायला लावलीत, हैदराबादच्या टायरवाल्याला. बाहेरचे टायर त्याच्याकडेच मिळायचे. तिने दुकानाच्या कागदावर लिहिलं, खाली तुम्ही सही केलीत, आणि पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलीत. चिठ्ठी मी वाटेत वाचली. आपण सगळे मराठी शाळेतले, आकडे लिहिताना हात कधी इकडे कधी तिकडे जातो. तिने इंग्रजी एक लिहिला होता, मग घाईत मराठी चार, मग इंग्रजी पाच. 1४5. हैदराबादच्या माणसाला तो मधला मराठी चार इंग्रजी आठ दिसणार, हे मला पोस्टाच्या पायरीवरच दिसलं. खिशाला पेन होतं. मी पाकीट चिकटवलं आणि टाकलं. मनात म्हटलं, बघू, समजेल त्याला.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी आज म्हणालो असतो की नजरचूक झाली. पण दहा दिवसांनी त्याचं कार्ड आलं. तुम्ही किनवटकडे गेला होतात, लाकडाच्या ट्रकचे टायर बघायला. धाकटी मार्कशीट आणायला नांदेडला. कार्ड माझ्या हातात पडलं. त्याने लिहिलं होतं, "चिठ्ठी में 185 दिखरा. 185-13 माल तैयार है. पक्का है क्या, लिखो." भला माणूस, त्याला शंका आली होती. मी त्याच पावली पोस्टात गेलो आणि लिहिलं, पक्का है, मालक गाडी ट्रकवर टाकून मद्रासला जाताना त्याच्याकडेच बसवून घेतील; मालकांनाही तसाच निरोप धाडला. म्हणजे टायर लातूरला येणारच नाहीत, तुमच्या नजरेला पडणारच नाहीत, एवढा विचारही मी केला होता. त्याचं कार्ड घरी येऊन चुलीत टाकलं. आई भाकरी थापत होती, म्हणाली, "काय रे ते?" मी म्हणालो, जाहिरात.

माझ्या मनात काय होतं ते खरं सांगतो. गाडीला अपघात व्हावा असं मला वाटत नव्हतं. गाडी जिंकावी असंच वाटत होतं, माझ्या रुंद टायरांवर. मग मालक पेढे घेऊन येणार, तुम्ही चक्रावणार, आणि मी सावकाश सांगणार की अप्पा, माप मी बदललं होतं. तेव्हा तुम्ही टोपी काढाल. पुढचे पंधरा-वीस दिवस टँकरचे टायर बदलताना मी हेच रंगवत होतो, इतकं की धाकटीशी गोड बोलायला लागलो. तिला आश्चर्य वाटलं. तिच्या लग्नासाठी मी मऊ झालोय, असं आईला वाटलं.

मालक आले ते मनगटाला प्लॅस्टर घालून. दुसऱ्याच फेऱ्यात, पहिल्या मोठ्या वळणावर पुढचा टायर मडगार्डला घासून फाटला आणि गाडी धावपट्टी सोडून वाळक्या गवतात गेली. जिवावर बेतलं नाही, मनगटावर निभावलं. त्यांनी फाटका टायर जीपमधून काढून तुमच्यापुढे टाकला आणि म्हणाले, "अप्पा, ह्यो तुमच्या लेकीचा हिशोब." आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्त लागलं. तुम्ही टायर फिरवून आकडा वाचलात, १८५. म्हणालात, "ह्यो आमचा न्हाई." तेव्हा त्यांनी खिशातून ती चिठ्ठी काढली. हैदराबादवाल्याने जपून ठेवलेली, त्यांनी मागून आणलेली. त्याने विचारलेल्या कार्डाचं तो काही बोलला नव्हता, हे माझं नशीब.

तुम्ही चिठ्ठी लांब धरून, मग जवळ धरून पाहिलीत. धाकटीला हाक मारलीत. "माय, मधीच मराठी आकडा कशाला घातलास गं?" तिने पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. "हात गेला अप्पा. चूक झाली माझी." मालकांना म्हणाली, "लई दुखतंय का?" मालक वरमले, म्हणाले, न्हाई बाई, बरं हाय आता. मी तिथेच ट्यूबवर ठिगळ घासत होतो. घासून घासून ट्यूब पातळ केली, पण मान वर केली नाही. ती आत जाताना माझ्यापाशी क्षणभर थांबली, एवढं मला तिच्या पायांवरून कळलं.

तुम्ही तिला रागावला नाहीत. रागावला असतात तर बरं झालं असतं, राग दोन दिवसांत जातो. तुम्ही नुसतं विचारणं बंद केलंत. आईने कारण विचारलं, तर तिला म्हणालात, "लगीन तोंडावर आलंय, पोरीच्या डोक्याला ताप कशाला." ती दुपारी दुकानाच्या दारात यायची, उभी राहायची, तुम्ही टायरात डोकं घालून असायचात, आणि ती परत जायची. जाताना गेज तुमच्या खणात ठेवून गेली. सासरी नेलं नाही. ते मी आज वापरतो.

आणि लग्नानंतर महिन्याभराने, एका टँकरच्या मागच्या जोडचाकांत एक नवा आणि एक झिजलेला टायर चालेल का, यावर तुम्ही अडलात. टोपी काढलीत. मान वाकडी केलीत आणि मला विचारलंत, "तुला काय वाटतं?" ज्याच्यासाठी मी एवढं केलं, ते झालं. आणि मला काही वाटत नव्हतं, अप्पा. डोकं कोरं. मी म्हणालो, उद्या सांगतो, विचार करतो. तुम्हाला ते फार आवडलं, की पोरगा घाईने बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी मी रिमोल्डचे, म्हणजे नवं रबर चढवलेले जुने टायर आणायच्या निमित्ताने एस.टी.ने निलंग्याला गेलो. ती स्वयंपाकघरात भाकऱ्या करत होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं. तिने परातीतल्या पिठावर बोटाने आकडे काढून मला दाखवलं, की दोघांचा घेर वेगळा असेल तर मोठा टायर सगळा भार घेतो आणि लहान नुसता घसटत जातो, म्हणून जोडी नेहमी सारख्या झिजेची. एका जागी तिचा हात मराठी चार काढायला गेला. तिने ते पीठ पुसलं आणि इंग्रजी चार काढला. मी चहा पिऊन परत आलो आणि तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "बरोबर हाय." त्यानंतर वीस वर्षं तुम्ही मला विचारत गेलात आणि मी उद्या सांगतो म्हणत गेलो. आधी एस.टी., मग एस.टी.डी. बूथ, मग मोबाइल. रेडियल आले तेव्हा, ट्यूबलेस आले तेव्हा, चाकांची अलाइनमेंट करायचं मशीन घ्यायचं की नाही तेव्हाही. ती प्रत्येक वेळी सांगत गेली. तुला कशाला हवं, असं तिने कधी विचारलं नाही.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तुम्ही माझा हात धरलात आणि म्हणालात, "दुकानाची काळजी न्हाई मला आता. तुझं डोकं लई चालतंय. मलाच उशिरा कळलं." ती पलंगाच्या दुसऱ्या बाजूला उभी होती, तुमचे पाय दाबत होती. तिने ते ऐकलं. अप्पा, मला त्या क्षणी लाज वाटायला हवी होती. मला आनंद झाला. इतका की डोळ्यांत पाणी आलं, आणि लोकांना वाटलं मी तुमच्यासाठी रडतोय.

तुम्हाला हे लिहिताना मला काही जड गेलं नाही. तुम्ही वाचणार नाही, त्यामुळे धीर आला. खरं तर हा कागद निलंग्याला जायला हवा, एस.टी.ने दीड तासावर तर निलंगा. तिचा नंबरही पाठ आहे, महिन्यातून दोनदा तरी लावतोच. पण पाठवणार नाही. ती चिडेल, बोलायची बंद होईल, अशी भीती आहे म्हणून नाही. ती चिडणार नाही हे मला पक्कं माहीत आहे. ती कागद वाचून बाजूला ठेवेल आणि फोनवर हसून म्हणेल, "मला म्हाईत होतं की अण्णा," आणि मग यातही माझ्या आधी तिलाच कळलेलं होतं असं होईल. तेवढं मला अजून सोसायचं नाही.